गोळीचा नेम

तो शब्द माझा होता. कार्यालयात कोणाच्या डोक्यातून तो निघाला नव्हता, डॉक्टरांनी सुचवला नव्हता. मीच शोधला, माझ्याच आवाजात बोललो, आणि तो लोकांना आवडला तेव्हा आनंदाने मिरवलासुद्धा.

मी हिंगोलीला आरोग्य शिक्षणाचं काम करतो. औषध लिहून देणं माझ्याकडे नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध म्हाताऱ्या माणसांनी घरी गेल्यावर खरोखर घ्यावं, रोज घ्यावं, बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नये, एवढंच समजावून सांगायचं. त्यासाठी आम्ही लहान लहान चित्रफिती करतो. हलती चित्रं, त्यावर आवाज, मागे थोडं संगीत. कधी त्या देवळाच्या मंडपात पांढरी चादर बांधून तिच्यावर दाखवतो, कधी उपकेंद्रातल्या टीव्हीवर, आणि मग त्या मोबाईलवरून घरोघर जातात. आधी आमच्याकडे भिंतीवर लावायचे कागद होते. पण ज्यांना ते सांगायचं होतं त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांना तेवढं बारीक दिसत नव्हतं.

पहिल्या चित्रफितीत मी म्हटलं होतं, ‘रक्तदाबाची गोळी नियमित घ्या.’ खेळ संपल्यावर एक आजोबा माझ्याजवळ आले. धोतराच्या सोग्यात बांधलेलं गोळ्यांचं पाकीट त्यांनी सोडून दाखवलं.

“मी ही घेतो. डागदरनं हीच देल्ती. मंग ती नियमित कोणच्या दुकानात भेटते?”

बाजूची माणसं हसली, मीही हसलो. परतताना गाडीत मात्र हसू आलं नाही. नियमित हे त्यांना गोळीचं नाव वाटलं होतं, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. आमच्या गावाकडे असं कोण बोलतं? मी स्वतः घरी कधी नियमित म्हणालो असेन असं मला आठवत नाही.

मग मी मायच्या बोलण्यातला शब्द शोधायला लागलो, आणि तो लगेच सापडला. नेम.

आमचं गाव कुरुंद्याजवळ आहे. वडील गेल्यापासून माय तिथे दादा-वहिनीकडे राहायची. दर वर्षी आषाढी एकादशीला ती काहीतरी नेम धरायची. एखाद्या वर्षी वांगं सोडायची, एखाद्या वर्षी कांदा. एका वर्षी जेवताना बोलायचं नाही असा नेम होता, आणि आम्हा भावांची ताटावरची भांडणं ती नुसत्या डोळ्यांनी मिटवायची. अंगात ताप असला तरी तिचा नेम चुकला नाही. गोळी अशी घेतली तर आणखी काय हवं, असं मला वाटलं.

नवीन चित्रफितीत मी बोललो, “आजी, आजोबा, देवाचा नेम धरता ना? तसाच गोळीचा नेम धरा. एक दिवस बी मोडू नका.”

आमच्या साहेबांनी ते ऐकलं आणि खुर्चीत मागे रेलून म्हणाले, “गोळीचा नेम? बंदूक बी देणार का म्हाताऱ्यायला?” पण त्यांना ते आवडलं होतं. गावांत तर फारच आवडलं. बाया मला पाहिल्याबरोबर म्हणायच्या, “धरला बरं का नेम.” एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझं बोलणं कोणी असं मला परत ऐकवलं नव्हतं.

मायला रक्तदाब होता. गावातल्या शिबिरात तो कळला तेव्हापासून गोळी सुरू होती, पण ती तिच्या मर्जीने. मी फोनवर विचारायचो, “गोळी घेऊन राहिलीस ना?”

“घेते की. डोकं गरगरलं की घेते.”

“गरगरलं तरच नाही घ्यायची, माय. रोज घ्यायची.”

“व्हय,” असं म्हणून ती दुसऱ्याच गोष्टीवर जायची. म्हैस व्यायली का, पोरांच्या परीक्षा कधी, तू वाळलास काहून. मी फोन ठेवायचो. गावी जाऊन, तिच्याजवळ बसून, ही गोळी काय करते आणि रोज का लागते, हे मी तिला कधी सांगितलं नाही. परक्या गावांत जाऊन सांगत होतो. घरच्या माणसाला शिकवायचं राहून जातं असं मी तेव्हा म्हणायचो, जणू ते आपोआप घडणारं काही होतं.

आषाढात वहिनीच्या मोबाईलवर तिने ती चित्रफीत पाहिली आणि मला फोन केला.

“तुझा आवाज आयकला मी. कसा सांगून राहिलास, लेकरा. धरला बघ म्या बी, एकादशीपासून.”

“बराबर केलंस, माय.”

“ह्या खेपंला वांगं न्हाई सोडलं. गोळीच धरली.”

हे ती म्हणाली होती. हे वाक्य मी ऐकलं होतं. त्याचा अर्थ लावायला काही विशेष हुशारी लागत नव्हती. या वर्षीचा चातुर्मासाचा नेम म्हणून तिने गोळी धरली होती, हे ती मला स्वच्छ सांगत होती. मी मात्र पुढच्या आठवड्यात ही गोष्ट कार्यालयात कौतुकाने सांगितली.

श्रावणात गावी गेलो तेव्हा तिचं गोळी घेणं पाहिलं. अंघोळ झाली की ती तुळशीला पाणी घालायची, सूर्याला हात जोडायची, मग गोळी तळहातावर घेऊन ती कपाळाला लावायची आणि तोंडात टाकायची. वहिनी दारातून म्हणाली, “भाऊजी, हळदकुकू तेवढं लावायचं राह्यलं बघा गोळीला.”

“लावलं असतं,” माय म्हणाली, “पण पोटात जाऊन रंगन की समदं.”

मी ते मोबाईलवर टिपून घेतलं. पुढच्या चित्रफितीत ते घातलं. त्यात माय हसते आहे, कपाळाला गोळी लावते आहे, आणि वरून माझा आवाज म्हणतो आहे की बघा, अशी घ्यायची. तिचा रक्तदाब मोजला तर उतरला होता. उपकेंद्रातल्या बाईंनी तिचं कौतुक केलं. त्या दिवशी ती मला म्हणाली, “ह्या नेमाचं फळ तुझ्या नावानं सोडलंय. तुझी नवकरी पक्की व्हावी मनून.” मी कंत्राटी होतो, आजही आहे. मी हसलो आणि म्हणालो, “फळ तुलाच राहू दे.” फळ मिळतं ते नेम संपल्यावर, हे तेव्हाही माझ्या लक्षात आलं नाही.

कार्तिकात तिचा पुन्हा फोन आला.

“बारशीला जेवाया ये. उद्यापन हाये.”

मला वाटलं, असेल एकादशीच्या दुसऱ्या दिवशीचं, नेहमीसारखं. म्हटलं, “जमणार नाही, माय. त्या दिवशी शूटिंग आहे.”

“कायचं?”

“गोळ्यांचंच. दुसरं काय असतं मला.”

ती मग म्हणाली, “मंग ऱ्हाऊ दे. ते बी त्याच कामाचं हाये.”

त्याच कामाचं. तिला वाटलं मला सगळं ठाऊक आहे. मीच तर नेम धरायला सांगितला होता, मग तो सोडायचा कधी हे मला माहीत नसेल असं तिला का वाटावं? त्या बारशीला तिने शेजारचं जोडपं जेवायला बोलावलं. पुरणपोळी केली. शेजारच्या काकीची ओटी भरली, काकांना नारळ दिला. ज्या वस्तूचा नेम, तिचं वाण द्यायचं अशी तिची रीत. वांग्याचा नेम असला की ती वांगी द्यायची. या वर्षी तिने उरलेल्या गोळ्यांची पाकिटं दिली. आपल्या गोळ्या दुसऱ्याला देऊ नका, ही आमची चित्रफीत तेव्हा व्हायची होती.

दुसऱ्या दिवसापासून तिने गोळी घेतली नाही. नेम पूर्ण झाला होता.

पौषात एका सकाळी दादाचा फोन आला. “मायचं तोंड वाकडं झालंय. उजवा हात उचलंना.” त्यांनी तिला जीपमध्ये घालून नांदेडला नेलं, मी हिंगोलीहून परस्पर तिथे पोहोचलो. खाटेवर ती डोळे उघडे ठेवून पडली होती. माझ्याकडे पाहत होती, पण तोंडातून नुसता घरघर आवाज येत होता.

डॉक्टरांनी विचारलं, “बीपीची गोळी किती दिवसांपासून बंद आहे?”

मी म्हणालो, “बंद नाही, डॉक्टर. ती नेमाने घेते.” मी आणखीही बोललो. मी याच कामात आहे, आमच्या चित्रफितीत ती आहे, असं काहीतरी. तिथे ते बोलायची काय गरज होती, कोण जाणे.

माझ्यामागे वहिनी उभी होती. पदर तोंडाशी धरून ती हळूच म्हणाली, “भाऊजी, त्याचं उद्यापन झालं की कार्तिकात.”

डॉक्टरांचा पेन थांबला. त्यांनी वहिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी वहिनीला विचारलं, “गोळीचं?”

“मंग. नेम गोळीचा, तर उद्यापन बी गोळीचंच. मला वाटलं तुमाला इचारूनच केलं असंल. तुमाला बलावल्तं की जेवायला.”

वहिनीला मी आजवर एका शब्दानेही दोष दिलेला नाही, आणि देता येणारही नाही. तिने तेच ऐकलं होतं जे मी बोललो होतो.

माय घरी आली तेव्हा तिचा उजवा हात मांडीवर ठेवलेल्या दुसऱ्याच्या वस्तूसारखा पडून असायचा. मी रजा काढून गावी राहिलो. मधे एकदा शेजारी गेलो, उरलेल्या गोळ्या परत आणाव्यात म्हणून. त्या दुसऱ्या कोणाच्या पोटात जाऊ नयेत एवढीच भीती होती. काकी म्हणाली, “वाण परत घेत न्हाईत, बाप्पा. तुझ्या मायला पाप लागन.”

“काकी, त्या खाल्ल्या तर नाहीत ना?”

“चार-दोन खाल्ल्या. प्रसाद मनून. मला उगंच गुडघ्याला बरं वाटल्यावानी झालं.”

दुसऱ्या कुठल्या दिवशी मी ही गोष्ट साहेबांना सांगून पोट धरून हसलो असतो. काकीला मी समजावलं, आणि उरलेलं पाकीट तिने देवाजवळून काढून दिलं ते डाव्या हाताने, तोंड फिरवून.

हळूहळू मायची जीभ थोडी वळायला लागली. शब्द जड यायचे, पण कळायचे. मी तिला भात कालवून भरवत होतो तेव्हा ती पहिलं धड वाक्य बोलली.

“उद्यापनात काई चुकलं का रं?”

मी घास तसाच धरून बसलो.

“तो काका,” ती म्हणाली, “आंघूळ न करता जेवल्ता. मला नंतर कळलं. त्याच्यानं झालं का?”

इतके दिवस त्या बंद तोंडामागे ती हाच विचार करत पडली होती. काय चुकलं, कुठे कमी पडलं. पुरणात, ओटीत, की त्या काकांच्या अंघोळीत. मी ताट खाली ठेवलं.

“माय, गोळीचं उद्यापन नसतंच. ती जन्मभर घ्यायची असते. मी सांगताना चुकीचा शब्द वापरला. चूक माझी आहे.”

तिने मान हलवली. तिरप्या तोंडाने तिला हसायचं होतं असं मला वाटलं. “तू न्हाई चुकीचं सांगणार. शिकेल हायेस तू. सारी गावं आयकतेत तुझं.”

“मीच चुकलो, माय.”

“उगी. माझंच काई तरी ऱ्हायलं.”

मी तिला तीन-चार वेळा निरनिराळ्या दिवशी हे सांगितलं. जेवताना, अंगण दाखवायला उचलून नेलं तेव्हा, पाय चोळताना. प्रत्येक वेळी तिने माझी चूक माझ्या हातातून काढून आपल्याकडे ओढून घेतली. शेवटी तिला दमवायला नको म्हणून मी बोलणं सोडलं. गोळी ती माझ्या हातून घ्यायची, पण आता कपाळाला लावायची नाही. “ही दवाखान्याची,” म्हणायची. तिच्या मनात त्या दोन वेगळ्या गोळ्या होत्या.

चैत्रात तिला दुसरा झटका आला, आणि ती गेली. गावात घरोघर हळद शिजवणं उरकत आलं होतं. अंगणांत वाळत घातलेल्या हळदीच्या कडेकडेने लोकांना तिला न्यावं लागलं. भेटायला येणारा जो तो म्हणायचा, “मोठी नेमाची बाई होती.” मी मान डोलवायचो.

कामावर परत गेलो आणि साहेबांना सगळं सांगितलं. ते चांगले गृहस्थ आहेत. त्यांनी दार लावून घेतलं, चहा मागवला. म्हणाले, “असं एखाद्याच घरी होतं. मनाला लावून घेऊ नका.” तरी मी चित्रफितीतून तो शब्द काढला, आणि मायचा भागही काढला. ‘मरेपर्यंत घ्या’ असं म्हणून पाहिलं, तर माणसं उठून गेली. म्हाताऱ्याच्या तोंडावर असं कोणी बोलत नाही. ‘कायम घ्या’ म्हटलं, तर कायम म्हणजे किती, असं विचारलं गेलं. अजून मला धड शब्द सापडलेला नाही. आता एक बाई चुलीजवळ बसून बोलते, की भाकर जशी रोज लागते तशी ही गोळी. बरं आहे. पण भाकर एक दिवस नसली तरी माणूस राहतो, हेही आमच्या लोकांना पक्कं माहीत आहे.

जुनी चित्रफीत मात्र परत बोलावता येत नाही. ती मोबाईलमधून मोबाईलमध्ये फिरतेच आहे, आणि तिच्यात माझा आवाज आहे. म्हणून आता जिथे जिथे ती दाखवली होती तिथे मी जातो. कार्यालयाचं काम म्हणून जमलं तर तसं, नाही तर सुट्टीच्या दिवशी एसटीने. एकच प्रश्न विचारतो: नेम कधीपर्यंत धरलाय? एका आजोबांनी मागेच सोडला होता. नातीच्या लग्नात एक दिवस गोळी राहिली, नेम मोडला, मग मोडलेला नेम कसा चालवायचा म्हणून त्यांनी गोळ्या बंद केल्या होत्या. ‘एक दिवस बी मोडू नका’ हेही मीच म्हटलं होतं.

गेल्या आठवड्यात हट्टा नावाच्या गावी गेलो. तिथे एक आजी ओट्यावर शेंगा निवडत बसल्या होत्या. मी बोलायला लागलो तसा त्यांचा हात थांबला.

“तुमचा आवाज आयकेल हाये मी. तुमीच का ते नेमाचे?”

“व्हय, आजी. धरला का तुम्ही?”

“आखाडीपासून. एक दिस चुकला न्हाई.”

“कधीपर्यंत?”

“कार्तिकापर्यंत. मंग उद्यापन करीन. लेकीला अन् जावयाला आवतन बी देऊन ठिवलं.”

मी त्यांच्याजवळ ओट्यावर बसलो. म्हटलं, “आजी, या नेमाला उद्यापन नाही.”

“असं कसं? उद्यापन न्हाई केलं तर फळ कसं भेटन?”

मग मी त्यांना मायचं सांगितलं. आजवर कुठल्याही गावात मी ते सांगितलं नव्हतं. शेंगांच्या सुपाकडे पाहत, फोनपासून चैत्रापर्यंत सगळं सांगितलं. माझं झाल्यावर त्यांनी विचारलं, “मायला सांगितलं व्हतं का, चूक माझी हाये मनून?”

“सांगितलं. तिला पटलं नाही.”

“कोणच्या मायला पटन,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा निवडायला लागल्या. मूठभर निवडून झाल्यावर म्हणाल्या, “पण आवतन तर गेलं. आता जावयाला येऊ नको कसं म्हनू?”

“येऊ द्या त्यांना. जेवू घाला. मला पण बोलवा, मी येतो.”

“या की. पण जोडीनं या. एकट्या मानसाला वाण देता येत न्हाई.”

म्हणजे वाण त्या देणारच होत्या. मी विचारलं, “आजी, वाण कशाचं देणार?”

त्यांनी सूप मांडीवरून खाली ठेवलं. माझ्या प्रश्नात काय होतं ते त्यांना कळलं असावं.

“साखरंचं,” त्या म्हणाल्या. “गोळ्या माझ्यापशीच ऱ्हातेत.”

मी उठलो. एसटीला वेळ होता, तरी उठलो. मायने जेवायला बोलावलं त्या दिवशी फोनवर ‘उद्यापन कशाचं?’ एवढं विचारायला मला फार तर अर्धं मिनिट लागलं असतं.